जायला पावणेदोन, यायला सव्वा

उत्तरेच्या बर्फातलं नुवुक गाव ते किंगार्जुक गाव हे अंतर तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून कुणीही सांगेल. विमानाला किती वेळ लागतो हे मात्र पट्टी सांगत नाही. ते उलूतीला विचारावं लागे. वेळापत्रकात एक तास पंचवीस मिनिटं असं छापलेलं होतं आणि ते वाचून ती दरवेळी नाक मुरडायची. "छापणारा दक्षिणेत उबेला बसून छापतो. वाऱ्याला विचारलं होतं का त्याने?" पश्चिमेकडे, नुवुकला जाताना वारा तोंडावर, म्हणून पावणेदोन तास. पूर्वेकडे, घरी येताना तोच वारा पाठीवर, म्हणून सव्वा तास. किंगार्जुकच्या विमानतळावर रेडिओपाशी एकोणतीस वर्षं बसून तिने हे गणित पक्कं केलं होतं.

तिचा नवरा इमिना याच गणितावर एक विनोद करायचा आणि तो विनोद तिला फार आवडायचा. "तिकडे जायला वारा नको म्हणतो आणि घरी यायला ढकलतो. वाऱ्यालासुद्धा ठाऊक आहे माझी बायको कुठे बसलीय ते."

आवडायचा, कारण त्या दुसऱ्या टोकाला ताबिथा राहत होती.

ताबिथाची गोष्ट अशी, की इमिना सात वर्षांचा आणि ती पाच वर्षांची असताना दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी त्यांचं लग्न ठरवून टाकलं होतं. तशी पद्धतच होती. पुढे सरकारने माणसं एका वस्तीतून उचलून दुसऱ्या वस्तीत नेली, ताबिथाचं कुटुंब नुवुकला गेलं, इमिनाचं किंगार्जुकला आलं, आणि ठरलेलं राहून गेलं. इमिनाने उलूतीशी लग्न केलं, स्वतःच्या पसंतीने. ताबिथाने नुवुकच्या एका ट्रकचालकाशी केलं, त्याला चार मुलं दिली आणि त्याला पुरलंही. झालं ते झालं. पण उलूतीच्या पोटातलं ते दुखणं अडतीस वर्षांच्या संसारात एक दिवससुद्धा थांबलं नाही.

त्याला कारण इमिनाचं काम. दोन्ही गावांची वीज डिझेलच्या जनित्रांवर, आणि ती दुरुस्त करणारा एकच माणूस, इमिना. महिन्यातून एकदा तो नुवुकला जायचा. तिथल्या उतारूंच्या निवासात स्वयंपाकाला कोण? ताबिथा. हवा बिघडली की विमान उडायचं नाही, आणि इमिना तिच्या टेबलाशी कॅरिबू हरणाचं कालवण खात दोन-दोन, चार-चार दिवस बसायचा.

आणि हवा बिघडलीय हे सांगायचं कुणी? उलूतीने!

तासातासाला बाहेर जाऊन ढग किती उंच आहे ते पाहायचं आणि रेडिओवरून सांगायचं, हीच तर तिची नोकरी. ढग मोजायला तिच्यापाशी पट्टी नव्हती, डोंगर होता. धावपट्टीच्या उत्तरेला जो डोंगर आहे त्याला सगळे वॉलरस म्हणतात, कारण तो दिसतोच त्या लांब सुळ्यांच्या समुद्री जनावरासारखा. वॉलरसचा डोळा दिसला तर ढग नऊशे फुटांवर. सुळ्याचं मूळ दिसलं तर सहाशे. सुळ्याचं नुसतं टोक दिसलं तर तीनशे. ढग आठशेच्या खाली असला तर वैमानिक येत नाही. डोंगर दोन्ही बाजूंना आणि धावपट्टी मधल्या बोळात. कितीदा तरी असं झालं असेल, की वॉलरसच्या डोळ्यावर ढग येऊन बसलाय, तिकडे नुवुकच्या धावपट्टीवर इमिना पिशवी घेऊन उभा आहे, आणि उलूतीने दात आवळून खरा आकडा सांगितलाय: सहाशे. म्हणजे आजची रात्र ताबिथाकडे. स्वतःच्या तोंडाने स्वतःच्या नवऱ्याला दुसरीच्या टेबलाशी बसवायचं, आणि ते वर्षानुवर्षं. बाई खोटं मात्र बोलली नाही. एकदाही नाही. नोंदवहीत एक खाडाखोड सापडणार नाही, असं तिचा दीर जोअनासी सगळ्यांना सांगायचा. तो धावपट्टीवरचा बर्फ काढायचं यंत्र चालवी, त्यामुळे वही रोज त्याच्या डोळ्यांखाली असे.

इमिना गेला दोन हिवाळ्यांपूर्वी, झोपेत. त्याच वसंतात उलूतीच्या मुलीला, सायलाला, दिवस गेले. गेलेल्या माणसाचं नाव तान्ह्याला दिलं की ते माणूस परत आलं, इथे हे सगळ्यांना माहीत आहे; आणि परत येताना ते आपली नातीगोतीही घेऊन येतं: बायकोचा तो नवराच, भावाचा भाऊच. मुलगा असो की मुलगी, नावाला काही फरक पडत नाही. सायलाने आईला विचारलं, "आई, बाबांचं नाव ठेवू ना?"

उलूती म्हणाली, "नको."

"नको?"

"इतक्यात नको. तुझ्या घरात सतरा माणसं. सगळी त्याला उचलणार, सगळी त्याला बाबा म्हणणार, भाऊ म्हणणार. राहू दे थोडे दिवस माझा एकटीचा."

आता सांगा, नाव कधी असं पेटीत कुलूप लावून ठेवायचं असतं का?  सायलाने तान्ह्या मुलीला सासऱ्यांच्या आईचं नाव दिलं आणि इमिना नाव तसंच राहिलं, कुणाच्याच अंगावर नाही. गावातल्या म्हाताऱ्या आपापसात म्हणाल्या, असं फार दिवस ठेवलं तर ते नाव थंडीत कुडकुडतं आणि कुणाचं तरी दार ठोठावतं.

ठोठावलंच. जानेवारीत सायला रेडिओच्या खोलीत आली, पार्काचा जाड कोटही न काढता उभी राहिली. "आई, चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"ताबिथामावशीला नातू झाला. तीच त्याला वाढवणार आहे. नाव ठेवलंय..."

"काय?"

"इमिना."

उलूतीने पेन्सिल खाली ठेवली. "कुणाला विचारून?"

"बाबा तिच्या स्वप्नात आले होते म्हणे. तिने पाणी दिलं." सायला खाली बघत म्हणाली. "आता स्वप्नात येऊन पाणी मागितल्यावर ती तरी काय करणार? नाव द्यावंच लागतं."

"पाणी!" उलूतीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "अडतीस वर्षं त्या माणसाचा थर्मास मी भरला. चहा, त्यात चार चमचे साखर, वर झाकण घट्ट. आणि तहान लागली तेव्हा गेला तीनशे चौऱ्याऐंशी किलोमीटर? वाऱ्याच्या विरुद्ध? पावणेदोन तास?"

"आई, मेलेल्या माणसाला वारा लागत नाही."

"तू मला वारा शिकवू नकोस."

त्यानंतर चार महिने तिने ताबिथाचं नाव काढलं नाही, आणि गावाने एक दिवसही दुसरं काही काढलं नाही. एकशे चाळीस माणसांचं गाव. त्यात अशी बातमी म्हणजे मेजवानी. दुकानात कुणी म्हणे, "उलूती, तुझा नवरा रांगायला लागला का गं?" कुणी म्हणे, "दुसरीच्या मांडीवर बसतोय म्हणे दिवसभर." ती सामान उचलून निघून जायची. घरी येऊन इमिनाचा जुना थर्मास घासायची. घासलेलाच पुन्हा घासायची. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र: ताबिथाच्या अमाउतीच्या, म्हणजे पोर वागवायच्या कोटाच्या, पाठीवरल्या टोपीत तो उबेला बसलाय, तिच्या मानेवर गाल ठेवून. म्हाताऱ्यांनी तेव्हा ठरवलेलं बाईने शेवटी मिळवलंच.

मे महिन्यात, उजेड चोवीस तास मुक्कामाला आला तेव्हा, सायला पुन्हा आली. या वेळी ती खोलीत शिरलीच नाही, दारातून बोलली. "ताबिथामावशी सोमवारच्या विमानाने येतेय. बाळाला घेऊन. तुला दाखवायला. माझ्याकडे उतरेल, गुरुवारी जाईल."

"कुणी बोलावलं?"

"मी," सायला म्हणाली आणि दार लावून पळाली. छत्तीस वर्षं त्या मुलीचं वय, पण आईपुढून पळताना पाच वर्षांची.

सोमवारी सकाळी जोअनासी बर्फ काढायचं यंत्र बंद करून खोलीत आला. केस ओले करून चापून बसवलेले, अंगावर रविवारचा सदरा. वय अठ्ठावन्न.

"हे काय सोंग?" उलूती म्हणाली.

"दादा येतोय, वहिनी." तो खूश होता. "त्याने मला मासे पकडायला शिकवलं. आता मी शिकवीन. तू केस नाही विंचरलेस?"

"मी ढग बघतेय."

ढग खरंच बघण्यासारखा होता. सकाळी आठला वॉलरसच्या डोक्याच्या बराच वर होता. नऊला कपाळावर आला. नुवुकहून विमान नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटलं. सव्वा तास म्हणजे दहा पंचवीस. दहाला वैमानिक विचारणार, आणि त्यावर तो यायचं की परतायचं ते ठरवणार. तेव्हा तो किंगार्जुकपासून सव्वाशेक किलोमीटरवर असतो, आणि तिथून मागे फिरायला पुरेल एवढंच इंधन टाकीत उरतं.

दहाला पाच कमी असताना उलूती बाहेर गेली. वारा पश्चिमेचा, बोचरा. तिने वर पाहिलं. ढगाची कड वॉलरसच्या डोळ्याशी लागलेली होती. डोळा दिसत होता. म्हणजे पापणी मिटता मिटता उघडी राहावी तसा, पण दिसत होता. नऊशे.

ती आत आली आणि नोंदवहीत तिने लिहिलं: सहाशे.

जोअनासी यंत्रापाशी होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सहाशे म्हटलं की विमान फिरेल. कुणाला काही होणार नाही. उलट सगळे म्हणतील, उलूती किती जपते. ताबिथा गुरुवारी पुन्हा निघेल, तेव्हा पुन्हा ढग असेल. इथे ढगाला काय तोटा? आणि आकडा तिच्या डोळ्यात होता. तिच्या डोळ्याला साक्षीदार नव्हता. इतकी वर्षं खरं बोलून तिने इमिनाला त्या बाईकडे अडकवलं होतं. एकदा खोटं बोलून त्या बाईला तिच्याच घरी अडकवलं तर काय बिघडलं?

रेडिओ खरखरला. वैमानिक बेनुआ, क्युबेकचा पोरगा, या मार्गावर दुसरंच वर्ष. "किंगार्जुक, नमस्कार. ढग किती?"

उलूतीने बटण दाबलं. आणि सोडलं. "आधी तुझी माणसं सांग," ती म्हणाली. तेही विचारायचं असतंच. फक्त एरवी ती ते नंतर विचारत असे.

"दोन बायका, एक तान्हं. बायकांपैकी एक परिचारिका. दुसऱ्या आजीबाई ताबिथा. आणि तान्हं..." कागद फडफडल्याचा आवाज आला. "इमिना. इमिना विमानात आहे."

हे तीन शब्द तिने या रेडिओवर तीनशे वेळा तरी ऐकले असतील. जुने वैमानिक घराच्या वाटेवर मुद्दाम सांगायचे, इमिना विमानात आहे, आणि ती किटली चढवायची. बेनुआला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने कागदावरचं वाचलं. मागे कुठेतरी, इंजिनांच्या घरघरीच्या वर, एक पोर जीव तोडून रडत होतं.

"किंगार्जुक, ढग?" बेनुआने पुन्हा विचारलं.

"का रडतोय तो?" उलूती म्हणाली.

"माहीत नाही बुवा. भूक असेल. ढग किती आहे, ताई?"

"नऊशे," उलूती म्हणाली. "नऊशे, कडेला विरळ. वारा पश्चिमेचा, बारा नॉट. समुद्राच्या बाजूने ये, डोंगराच्या बाजूने येऊ नकोस."

मग तिने वहीतल्या सहाशेवर एक सरळ रेघ मारली, वर नऊशे लिहिलं, आणि नियमाप्रमाणे शेजारी आपली सही केली. एकोणतीस वर्षांतली पहिली खाडाखोड. शेगडीवर किटली चढवली ती कधी चढवली हे तिचं तिलाच कळलं नाही.

विमान दहा पंचवीसला उतरलं. दहा पंचवीस म्हणजे दहा पंचवीस.

ती लगेच बाहेर गेली नाही. उतरल्याची खबर द्यायची होती, ती दिली. वही मिटली. पुन्हा उघडून पाहिलं. खिडकीतून सगळं दिसत होतं: जोअनासी ओले केस घेऊन शिडीपाशी धावला आणि ताबिथाच्या पाठीवरल्या टोपीत तोंड घालून ओरडला, "दादा! प्रवास कसा झाला?" बाळ रडायचं थांबलं आणि त्याने जोअनासीचं नाक धरलं. अर्धं गाव हसलं.

ताबिथा आत आली तेव्हा उलूतीला पहिल्यांदा दिसली ती तिची काठी. बाई थकली होती. गुडघे गेले होते, दात गेले होते. उलूतीला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तिची नजर त्या टोपीकडे होती, आणि टोपीत झोपी जाणाऱ्या काळ्या केसांकडे.

"बस," उलूती म्हणाली. "चहा आहे."

"हात मोकळे नाहीत माझे. आधी याला घे."

"राहू दे. तुझ्या मानेची सवय झालीय त्याला."

 ताबिथा खुर्चीत बसली आणि म्हणाली, "टोमणे मार, पण आधी एक ऐक. मी गावात एक सांगितलं ते खोटं होतं."

"काय खोटं?"

"त्याने पाणी नव्हतं मागितलं."

उलूतीने चहा ओतून किटली खाली ठेवली.

"स्वप्नात आला हे खरं," ताबिथा म्हणाली. "दारात उभा राहिला. पार्का घातलेला, खांद्याला ती हत्यारांची पिशवी. मी म्हटलं, ये, बस, पाणी पी. आत पाऊल टाकलं नाही त्याने. नेहमीसारखंच. माझ्या टेबलाशी बसायचा ना, तेव्हाही तोंड खिडकीकडे. घास तोंडात आणि डोळे आभाळात. पंचवीस वर्षं मी त्याच्या पाठीलाच जेवण वाढलं. एकच प्रश्न, दर तासाला. तोच त्याने स्वप्नातही विचारला."

"काय?"

"किंगार्जुकचं विमान कधी आहे?"

उलूतीने साखरेचा डबा जवळ ओढला.

"तू म्हणशील, मग नाव का घेतलंस?" ताबिथाचा आवाज एकदम चिरका झाला. "घेतलं! तुझ्याकडे अडतीस वर्षं होता. मेल्यावर त्याचं नावसुद्धा तू मुठीत धरून बसलीस, लेकीलाही देईनास. मला जळायला होत नसेल? मी म्हटलं, मी घेते. निदान एकदा तरी माझ्याकडे तोंड करून बसेल. आणि हा तरी बसतो का! रात्रंदिवस दाराकडे बघून रडतो. विमानात चढलो आणि रडला, कारण आम्ही हललो नाही लवकर. तो वैमानिक पोरगा ढग विचारत होता तेव्हा तर माझे कान फाटले."

इतकी वर्षं उलूतीला वाटत होतं की जळणारी ती एकटीच. तिने कपात चार चमचे साखर घातली, ढवळली आणि ताबिथापुढे ठेवली. मग तिला हे सगळं ऐकून जे खरं झोंबलं ते बाहेर आलं.

"विमान कधी आहे, हे त्याने तुला विचारलं?"

"हो."

"मला नाही? एकोणतीस वर्षं विमानाच्या वेळा मी सांगतेय आणि हा माणूस विचारायला तुझ्या दारात?"

 ताबिथा हसली, दात नसलेलं तोंड उघडून, काठी हातातून पडेपर्यंत. "तू तिकडे नव्हतीस ना बाई! तू इकडच्या टोकाला. जायचं ते तुझ्याकडे; वेळ मलाच विचारणार."

उलूती हसली नाही. पण ती उठली, ताबिथाच्या मागे गेली आणि टोपीतून त्या बाळाला दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. ते अर्धवट जागं झालं, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्यावर तोंड टाकून पुन्हा झोपलं.

"उईगा," ती हळूच म्हणाली. माझा नवरा. जोअनासी दारात उभा होता, त्याने ऐकलं आणि चक्क दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात त्याला उघडी नोंदवही दिसली, त्यातली रेघही दिसली. त्यावर तो त्या दिवशी काही बोलला नाही.

बोलला तो गुरुवारी. गुरुवारी सकाळी नुवुकहून बेनुआने विचारलं, ढग किती, आणि उलूतीने सांगितलं, "तीनशे."

जोअनासी दाराच्या चौकटीला टेकला. "वहिनी, तीनशे? खरंच तीनशे?"

"डोळे आहेत ना तुला? बाहेर जाऊन बघ."

तो गेला. ताबिथाही काठी टेकत त्याच्यामागे गेली. तिचा तर विश्वास मुळीच नव्हता. दोघं वॉलरसकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. डोळा नाही, सुळ्याचं मूळ नाही; धुक्यातून सुळ्याचं एक पांढरं टोक तेवढं खाली आलेलं. दोघं परत आली.

"तीनशेच आहे," जोअनासी म्हणाला.

"पुढचं विमान सोमवारी," उलूती म्हणाली. "कालवण आहे. बस, ताबिथा. खिडकीपाशी बस हवं तर, तुला आता सवय लागेल."

ताबिथा पुटपुटत बसली. उलूतीने मांडीवरल्या बाळाचं तोंड खिडकीवरून आपल्याकडे वळवलं, त्याने परत तिकडे फिरवलं नाही, आणि ती त्याला म्हणाली, "बघ, या खेपेला इकडे अडकलास."